शाखा कोणती घ्यावी? इनामगावचा दाखला

शिरूर तालुक्यातील वडगाव रासाईसारख्या गावात दहावीचा निकाल लागला की शाखा गुणपत्रिकाच ठरवते. गुण बरे पडले तर विज्ञान, नाहीतर कला किंवा वाणिज्य. पुढे पदवीला मुख्य विषय निवडताना मुले गोंधळतात आणि आपण शिक्षक 'कशाला स्कोप आहे' एवढेच सांगतो. अशा मुलांना याच तालुक्यातील, घोड नदीकाठच्या इनामगावची हकीकत सांगावी असे आम्हांस वाटते.

डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तिचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढले, हे भौतिकशास्त्र. जळून कोळसा झालेले दाणे वनस्पतिशास्त्राने ओळखले आणि सातू हे तेथील मुख्य पीक होते, असे कळले. पाळीव जनावरे कोणती, शिकार कशाची, हे हाडांवरून प्राणिशास्त्राने सांगितले. घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेल्या बालकांचे सांगाडे शारीरिक मानवशास्त्रज्ञांनी अभ्यासले. पण धान्याचे कोठार कोणाच्या ताब्यात असेल, हा प्रश्न कोणत्याच प्रयोगशाळेत सुटत नाही. तेथे समाजशास्त्र लागते.

या उत्खननामागचे डॉ. ह. धी. सांकलिया स्वतः संस्कृतचे पदवीधर. शाळकरी वयात लोकमान्य टिळकांचा आर्यांच्या मूलस्थानावरील ग्रंथ वाचून त्यांना तो विषय नीट समजून घ्यावासा वाटला आणि त्यासाठी त्यांनी संस्कृत व गणित शिकायचे ठरवले. आधी प्रश्न, मग विषय! डेक्कन कॉलेजातील त्यांच्या सहकारी इरावती कर्वे यांनी १९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानात पदवी घेतली, मुंबईत डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र केले आणि १९३० साली बर्लिनमध्ये मानवी कवट्यांच्या मोजमापावर डॉक्टरेट मिळवली. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मात्र त्यांना महाभारतावरील 'युगान्त'साठी मिळाला.

एवढ्याने पोटापाण्याचा प्रश्न सुटत नाही, हे कबूल. सगळ्यांनाच बर्लिनला जाता येत नाही. पण डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम. ए. ला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, हे तरी आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते?

वर्गात एक प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. जळलेल्या दाण्याची हकीकत सांगावी आणि प्रत्येकाला त्यावर एकच प्रश्न लिहायला लावावे. 'हा किती जुना?' असे कोणी लिहील, 'कोणत्या जातीचा?' असे दुसरा. एखादी मुलगी लिहील, 'हा दळला कोणी असता?' त्या चिठ्ठ्या प्रवेश अर्ज भरायच्या दिवसापर्यंत जपून ठेवाव्यात.