वाकलेल्या पाठीवर कोणाचं काव्य?

चीनच्या गान्सू प्रांतात जियायूग्वानजवळ तिसऱ्या-चौथ्या शतकातली थडगी आहेत. त्यांच्या भिंतींतल्या विटांवर चित्रं आहेत. कुठे औत हाकणारा, कुठे बी टाकणारी. दोन-चार फटकाऱ्यांत उरकलेली ही माणसं मालकाला मेल्यावरही धान्य कमी पडू नये म्हणून राबतात.

बाराव्या शतकात हा शेतमजूर थडग्यातून दरबारात आला. राजधानी हांगचौजवळच्या यूछ्येन तालुक्याचा अधिकारी लौ शौ याने 1145च्या सुमारास शेतीचे 21 आणि रेशमाचे 24 प्रसंग रंगवून सम्राट काओत्सुंगला दिले. बी भिजत घालण्यापासून कोठार भरेपर्यंत एकही काम सुटलेलं नाही: लावणी आहे, पायांनी तुडवायचा रहाट आहे आणि बेणणी तर तीनदा आहे. प्रत्येक प्रसंगासोबत लौ शौची कविता. ताटातला भात कुठून येतो, हे राज्यकर्त्यांना कळावं म्हणून. मूळ चित्रं हरवली. पुढच्या युआन काळातली छंग छीची नक्कल आज वॉशिंग्टनला आहे.

1696 साली सम्राट खांग्शीने हीच माळ पुन्हा काढवून घेतली. चित्रकार च्याओ पिंगचन युरोपीय पद्धतीने दूरचं लहान दाखवायला शिकला होता. त्यामुळे बांध मागे मागे सरकत गेले. चिखल मात्र स्वच्छ झाला आणि चित्रांवर खुद्द सम्राटाच्या कविता चढल्या. लाकडी ठशांवरून प्रती निघाल्या, आणि चिनी मातीच्या भांड्यांवरही हे शेतकरी राबू लागले.

खांग्शीच्या मुलाने, पुढे युंगचंग सम्राट झालेल्या राजपुत्राने, तर शेतकऱ्याच्या धडावर स्वतःचा चेहरा रंगवून घेतला. विणकरणीला त्याच्या बायकोचा चेहरा लाभला. बापाला आज्ञाधारक मुलगा दिसला. शेतकऱ्याचा उरलासुरला चेहराही गेला.

1958 पासून शान्शी प्रांतातल्या हूश्येन तालुक्यात कुंचला शेतकऱ्यांच्या हाती आला. 1973 साली त्यांचं प्रदर्शन पेइचिंगमध्ये भरलं. प्रशिक्षित चित्रकार त्यांना मार्गदर्शन करत होते, आणि काय दाखवायचं याची चौकट कम्युनिस्ट पक्षाची होती. तरीही त्यांतलं लिऊ चृतं यांचं एक चित्र पाहावं. गावचा म्हातारा पक्षसचिव काम थांबवून टेकला आहे. आगकाडी हातातच राहिली आहे, कारण तो पुस्तकात गढला आहे. आजवर ज्याच्या चित्रावर इतरांनी लिहिलं, तो इथे वाचतो आहे. लिहायचं अजून बाकी आहे.