आपल्या शाळेतला वादविवाद

स्मरणिकेसाठी शाळेच्या वादविवादाचा इतिहास तू लिही, असा समितीचा हुकूम आला, तेव्हा मी आधी कार्यालयाबाहेरचा फलक पाहून आलो. १९८६ सालापुढे माझं नाव आहे. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आपण आठवीत असेपर्यंत वादविवाद म्हणजे पाठांतर होतं. सर भाषण लिहून देत, आपण घोकायचं. कुठल्या वाक्याला हात उचलायचा हेही ठरलेलं. वक्तृत्वात ते खपून जाई. वादविवादात मात्र शेवटी खंडनाला दोन मिनिटं असतात, आणि ती कुणाला आधी लिहून देता येत नाहीत. तालुक्याच्या स्पर्धेत त्या दोन मिनिटांत मी माझं पहिलंच भाषण पुन्हा म्हणून खाली बसलो होतो. सोबत आलेल्यांना आठवत असेल. विसरला असाल तर उत्तमच.

नववीत मराठीला नव्या बाई आल्या. त्यांनी लिहून देणं बंद केलं. शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात तासभर सराव, टेबलावर गजराचं घड्याळ. अनुकूल की प्रतिकूल, हे ऐन वेळी चिठ्ठी काढून ठरायचं. मुख्य नियम एकच : उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा त्याला पटेल अशा शब्दांत सांगायचा. तो 'हो' म्हणाला तरच पुढे. पहिला महिना माझी गाडी तिथेच अडली. बाई म्हणायच्या, "पुण्याला वसंत व्याख्यानमाला १८७५पासून चालू आहे. कधी गेलात तर वक्त्याकडे कमी आणि श्रोत्यांकडे जास्त बघा. कंटाळा कुठे येतो ते कळेल."

सरावात माझ्यासमोर उभी राहायची ती आपल्याच वर्गातली, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरची. दहावीच्या वर्षी विषय होता, 'दूरदर्शनमुळे वाचन कमी झाले आहे.' घरोघरी 'बुनियाद' चालू होती, त्यामुळे मला अनुकूल बाजू सोपी वाटली. तिनं विचारलं, "वाचनालयात जाऊन पाहिलंस?" ती स्वतः जाऊन आली होती. बालविभागाच्या नोंदवहीत पुस्तकं नेणारी मुलं कमी झालीच नव्हती. मी गप्प. रोज संध्याकाळी ती मला असंच हरवायची.

स्पर्धा पुण्याला, एक रात्र मुक्काम. मुलींना बाहेरगावी मुक्कामी पाठवायचं नाही, असं ठरलं. बाई दोनदा वर जाऊन भांडल्या. उपयोग झाला नाही. तिच्या जागी दुसरा मुलगा आला आणि आम्ही फिरता करंडक घेऊन परतलो. मला चिठ्ठीत प्रतिकूल बाजू आली होती. वाचनालयाची नोंदवही मी खंडनात वापरली. टाळ्या मलाच पडल्या, आणि तो मुद्दा कुणाचा हे मी तेव्हा व्यासपीठावरून किंवा नंतर शाळेतही सांगितलं नाही.

हा मजकूर परवा तिला फोनवर वाचून दाखवला. नाव घालू नकोस म्हणाली. मग म्हणाली, "आणि माझा मुद्दा तू अजून नीट मांडलेला नाहीस. त्या वर्षी खो-खोच्या मुलीही गेल्या नव्हत्या. ते लिही."

लिहिलं आहे.