चंदगड तालुक्यातील पायवाटा आणि दैनंदिन व्यवहार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात घाटमार्ग, लष्करी वाटा व व्यापारी मार्ग यांचा विचार पुष्कळ झालेला आहे. परंतु दळण घेऊन गिरणीला, किटली घेऊन दूध संस्थेला किंवा पाटी घेऊन आठवडी बाजाराला ज्या वाटेने माणसे गेली, ती वाट अभ्यासाच्या परिघाबाहेरच राहिली. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील चंदगड तालुक्याच्या आधारे अशा वाटांचे ऐतिहासिक स्वरूप तपासणे व त्यांच्या नोंदीची निकड स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नोंदीतील मार्ग

चंदगडच्या पश्चिमेस सह्याद्रीचा कडा व त्याखाली कोकण, तर पूर्वेस बेळगावचे पठार आहे. या स्थानामुळे येथील काही वाटांना इतिहासात स्थान मिळाले. बेळगावहून वेंगुर्ले बंदराकडे जाणारा जुना राम घाट याच परिसरातून उतरतो. पुढे आंबोली घाटात गाडीरस्ता झाला आणि राम घाटाचे व्यापारी महत्त्व ओसरले. पारगड किल्ला छत्रपती शिवाजी महाराजांनी इ. स. १६७६ च्या सुमारास उभारला व तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा यांस तेथे किल्लेदार नेमले, अशी परंपरा आहे. बंदर, फौज व जकात यांच्याशी संबंध असल्याने हे मार्ग कागदपत्रांत आले. मात्र गडावरील वस्तीला मीठमिरचीसाठीही गड उतरावाच लागे. त्या येण्याजाण्याची दखल कोणत्याही दप्तराला घ्यावीशी वाटली नाही.

सीमा आणि बाजार

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली. तोपर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होता. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात समाविष्ट होताना चंदगड तेवढा वगळण्यात आला व कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. जिल्ह्याचे ठाणे आता शंभर किलोमीटरहून अधिक दूर गेले, तर बेळगावची बाजारपेठ त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर होती. सरकारी कामाची दिशा बदलली, बाजाराची बदलली नाही. शिनोळी, तुडये या पूर्वेकडील पट्ट्यातील लोकांचा बेळगावशी असलेला व्यवहार व सोयरसंबंध सीमारेषेपलीकडे चालूच राहिला. सीमाप्रश्नाच्या लेखनात ठराव, आयोग व आंदोलने यांना योग्य ते स्थान मिळाले आहे. तथापि सीमेच्या आरपार नित्य चालणारी पावले हाही त्या प्रश्नाचा एक पुरावा आहे, याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणे आवश्यक वाटते.

काम बदलते, वाट बदलते

पायवाट ही निसर्गाने दिलेली स्थिर वस्तू नव्हे, ती कामातून जन्म घेते. घरोघरी जाते होते तोवर गिरणीची वाट नव्हती. यंत्रावरील गिरणी मोठ्या गावात आली आणि लहान वाड्यांतून तिच्याकडे वाट पडली. पुढे वाडीतच गिरणी आल्यावर ती वाट मोडली. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला, गावोगावी दूध संस्था उभ्या राहिल्या आणि दिवसातून दोन वेळा चालण्याचे नवे काम निर्माण झाले.

भातशेतीच्या या मुलखात वाट ऋतूनुसारही सरकते. पावसाळ्यात ती बांधावरून वळसा घेते, सुगीनंतर मोकळ्या शेतातून सरळ जाते. ओढ्याला पाणी असेल तेव्हा साकवाकडे वळते, उन्हाळ्यात पात्रातून पार होते. नकाशावरची एक रेषा हे सारे दाखवू शकत नाही.

नकाशावरील तुटक रेषा

महसुली गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने व पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविला जातो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट मानली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते व वाटा शासनाच्या मालकीच्या आहेत. आपल्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून वाट हवी असल्यास कलम १४३ अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. परंतु नित्य कामाची वाट बहुधा या दोहोंत बसत नाही. ती नकाशावर नसते आणि स्वतःच्या शेताकडेही जात नाही. ती दुसऱ्याच्या शेतातून गिरणीकडे, शाळेकडे किंवा बाजाराकडे जाते.

अशा वाटेचा आधार मुख्यतः वहिवाट हाच असतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार वीस वर्षे उघडपणे, निर्वेधपणे व हक्क म्हणून वापर झाल्यास वाटेचा अधिकार प्राप्त होतो. कलम ४७ नुसार वीस वर्षे वापर न झाल्यास तो संपुष्टात येतो. म्हणजे चालण्याने हक्क निर्माण होतो व न चालण्याने तो लोपतो. यातही एक विसंगती आहे. शेतमालकाच्या परवानगीने झालेले चालणे हक्कात मोजले जात नाही. ज्या गावात ‘जा की, कोण अडवतंय’ असे म्हणून वाट दिली गेली, तेथील वाट कायद्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळी ठरते. जमीन नव्या मालकाकडे गेली, काजूच्या बागेला तारेचे कुंपण पडले की जुन्या सौजन्याचा पुरावा कोणापाशी नसतो. शिवाय डोईवर चुंबळ ठेवून या वाटा तुडविल्या त्या प्रामुख्याने स्त्रियांनी, आणि सातबाऱ्यावरील नावे बहुतांशी पुरुषांची. त्यामुळे वाटेचे खरे साक्षीदार दप्तरात सापडत नाहीत.

इंग्लंड व वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनावर पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करण्याची जबाबदारी टाकली. आपल्याकडे २०२१ ची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना शेत व पाणंद रस्त्यांसाठी आली व ती उपयुक्तही आहे. पण तिचा भर वाहन जाईल अशा रस्त्यावर आहे. धनगरवाड्यावरून उतरणाऱ्या एकट्या वृद्धेची वाट त्यात येतेच असे नाही.

निष्कर्ष

लष्कर व व्यापार यांच्या वाटा कागदावर राहिल्या, कारण सत्तेला त्यांची गरज होती. नित्य कामाच्या वाटा केवळ पावलांनी राखल्या. दुचाकी व एस. टी. आल्यावर ती पावले कमी झाली, हे स्वागतार्हच आहे. डोक्यावरचे ओझे उतरले याचा खेद करण्याचे कारण नाही. मात्र ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांच्यासाठी वाटेचा हक्क आजही जिवंत प्रश्न आहे, आणि वापर खंडित झाल्यापासूनची वीस वर्षे अनेक ठिकाणी भरत आली असण्याची शक्यता आहे. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास व भूगोल विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून गाव नकाशा हाती घेऊन वृद्ध स्त्री-पुरुषांसमवेत या वाटा चालाव्यात. प्रत्येक वाटेपुढे ती कोणत्या कामासाठी, कोण व केव्हापर्यंत वापरत होते, हे लिहून ठेवावे. अशा नोंदी स्थानिक इतिहासाचे साधन ठरतील आणि प्रसंगी एखाद्या वाडीच्या दाव्यात पुरावा म्हणूनही उपयोगी पडतील. हे काम साक्षीदार हयात असेपर्यंतच होऊ शकते.