माउली आणि न्यायाधीश : मराठी ख्रिस्ती लेखनातील ईश्वरप्रतिमा

नारायण वामन टिळक 1893 मध्ये आगगाडीने राजनांदगावकडे निघाले असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्या ग्रंथात त्यांना प्रथम खिळवून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने. त्रैक्य, अवतार वा प्रायश्चित्त यांचे सिद्धान्त त्यांच्यापुढे नंतर आले. आधी आली ती शत्रूवरही प्रीती करण्याची आज्ञा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नीतीकडून ईश्वराकडे जाण्याचा हा क्रम टिळकांपुरता मर्यादित नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती मनाची ती एक ठळक खूण आहे.

त्याच्या उलट क्रम फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त दिसतो. 1616 मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापल्या गेलेल्या या ग्रंथाने ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही घेतला. परंतु सृष्टी, पतन, उद्धार आणि अंतिम न्याय ही त्याची चौकट युरोपातील कॅथलिक धर्मशिक्षणाचीच राहिली. शब्द मराठी झाले, ईश्वराशी असलेले नाते मात्र फारसे बदलले नाही. स्टीफन्स यांची मराठीवरील प्रीती निर्विवाद आहे. तिचे कौतुक करताना अभ्यासक बहुधा हा भेद नजरेआड करतात.

टिळकांनी नाते बदलले. बायबलमधील पिता त्यांनी नाकारला नाही. पण त्यांच्या अभंगांत ख्रिस्त आई आणि गुरू या दोन्ही नात्यांनी वारंवार येतो. विठ्ठलाला ‘विठाई’ आणि ज्ञानेश्वरांना ‘माउली’ म्हणणाऱ्या परंपरेत वाढलेल्या कवीला हे स्वाभाविक होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. या प्रतिमेला केवळ देशी पेहराव समजणे मात्र चुकीचे ठरेल. चौदाव्या शतकातील इंग्लंडमध्ये नॉरिचच्या ज्युलियननेही ख्रिस्ताला माता म्हटले होते, आणि पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा खुद्द शुभवर्तमानात ख्रिस्ताच्याच तोंडी आहे. टिळकांनी परंपरेच्या कडेला पडलेली प्रतिमा मध्यभागी आणली, आणि तिच्याबरोबर पापाचा अर्थही सरकला. न्यायाधीशापुढे पाप हा गुन्हा असतो. आईपुढे तो दुरावा असतो.

अशी आई सर्व काही पोटात घालील आणि नीतीचा कणाच मोडेल, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर टिळकांच्या कवितेपेक्षा त्यांच्या आयुष्यात अधिक स्पष्टपणे सापडते. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. शिक्षेचे भय उरले नाही, पण मागणी वाढली. 1919 मध्ये टिळक निवर्तले आणि तो प्रयोग अपुरा राहिला.

पंडिता रमाबाईंची वाट याहून कठोर. इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी चालणारे सेवाकार्य त्यांनी पाहिले, शोमरोनी स्त्रीची कथा ऐकली, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. येथेही आधी कृती, मग ईश्वर. मात्र त्यानंतर त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चचा अधिकार यांवरून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून दीर्घ वाद झाला. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत हा त्यांचा आग्रह वरवर किरकोळ वाटतो. परंतु जी भाषा आपल्याला आणि आपल्या लोकांना कळत नाही तिच्यात श्रद्धा कशी व्यक्त करावी, हा त्यामागचा प्रश्न होता. धर्मशास्त्राच्या नावाने स्त्रीवर लादलेली आज्ञाधारकता नाकारून आलेल्या या विदुषीला तीच वागणूक दुसऱ्या धर्मपीठाकडून स्वीकारणे शक्य नव्हते. त्यांचा ईश्वर सदसद्विवेकाशी मध्यस्थावाचून बोलणारा आहे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी मूळ भाषांवरून बायबलचा जो मराठी अनुवाद केला, त्यात वेदान्ती छटेचे संस्कृत शब्द टाळून साध्या बाईला कळेल अशी मराठी योजण्याचा कटाक्ष होता. ज्या संस्कृताचा क्रुसासाठी आग्रह धरला त्याच्याबाबतच ही सावधगिरी! वरकरणी विसंगती, परंतु दोन्ही ठिकाणी कसोटी आकलनाचीच होती.

लक्ष्मीबाई टिळकांची साक्ष या दोघांहून वेगळी आहे. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी सांगितलेला निर्णायक क्षण बाप्तिस्म्याचा नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे एकदा मनाला पटल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्यांची हरकत उरली नाही. आणि हे घडले तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. सोवळे सुटले ते घरातल्या पाण्याच्या तांब्याशी, चर्चच्या दारात नव्हे. बाप्तिस्मा त्यांनी पुढे 1900 मध्ये घेतला.