धुराची खतावणी

जगांतील धुराड्यांतून दरसाल किती कार्बन डायऑक्साइड वायु बाहेर पडतो, हें कोणी धुराड्याच्या तोंडाशीं बसून मोजीत असेल, अशी वाचकांची समजूत असल्यास ती आम्हांस मोडावी लागेल. हा हिशेब निघतो तो मुख्यतः वह्यांतून. कोळसा किती निघाला, किती विकला गेला, वखारींत किती उरला, हें पाहावयाचें. त्यांतील कर्बाचा अंश काढावयाचा. आणि कर्बाचे १२ भार जळले कीं वायूचे ४४ भार होतात, या नियमानें गुणावयाचें. लांकूड व गोंवऱ्या यांत येत नाहींत.

१९३८ सालीं गाय कॅलेंडर या इंग्रज इंजिनियरानें लंडनच्या रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढें सांगितलें कीं, मागील पन्नास वर्षांत इंधन जाळून मनुष्यानें सुमारें १५,००० कोटी टन वायु हवेंत सोडला, व त्याचा तीनचतुर्थांश हवेंतच राहिला. पंडित साशंक राहिले. वाफेच्या यंत्रांवरील नोकरी संभाळून, फावल्या वेळीं केलेला हा उद्योग होता, याचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. पुढें १९७३ सालीं चार्ल्स कीलिंग यांनीं संयुक्त राष्ट्रांच्या आंकड्यांवरून तोच हिशेब शिस्तीनें मांडला, व सिमेंटाच्या भट्ट्यांतील चुनखडीही धरली.

परंतु वही चुकली कीं धूरही चुकतो. २०१५ सालीं चीनचे सुधारलेले आंकडे उजेडांत आले, तेव्हां कांहीं वर्षीं आधीं सांगितल्याहून शेंकडा १७ पर्यंत अधिक कोळसा जळाल्याचें दिसलें. उलट, त्याच वर्षीं कांहीं संशोधकांनीं दाखविलें कीं, तेथील कोळशांत कर्ब मानला होता त्याहून कमी आहे. त्या डिसेंबरांत राष्ट्रें पॅरिस येथें करारास बसलीं, तीं हीच खतावणी पुढें घेऊन.