श्रद्धेतून ज्ञानाकडे : भक्तिपरंपरेतील एक जुनी वाट

“हिंदू भक्तिमार्गात भावना आहे, विचार नाही, श्रद्धा आहे, ज्ञान नाही,” असे विधान आपल्या धर्मशिक्षकांच्या वर्गांत अनेकदा कानी पडते. काही वर्षांपूर्वी एका धड्याची तयारी करून घेताना मी स्वतःही जवळजवळ हेच सांगितले होते. वर्ग संपल्यावर वारकरी घराण्यात जन्मलेले एक वयस्क धर्मशिक्षक शांतपणे म्हणाले, “फादर, माझ्या आजोबांना अक्षरओळख नव्हती. ते ज्ञानेश्वरी ऐकत, आणि न उमगलेल्या ओवीविषयी रात्री बुवांना प्रश्न विचारीत बसत. त्याला काय म्हणावे?” त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘श्रद्धा’ हा शब्द फार प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १५१ वे सूक्त श्रद्धेलाच उद्देशून आहे. ‘श्रत्’ आणि ‘धा’ मिळून हा शब्द झाला असून, लॅटिन ‘क्रेदो’ हा शब्दही त्याच मुळातून निघाला आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्या शब्दाने आपला लॅटिन विश्वासांगीकार सुरू होतो, तो आणि वैदिक ऋषींचा शब्द हे सख्खे भाऊ होत. मूळ एक म्हणून अर्थ एक असे अर्थातच नव्हे. तथापि मनुष्य आपले हृदय कोठे ठेवतो, हा प्रश्न दोन्ही शब्दांच्या गाभ्याशी आहे.

उपनिषदांत श्रद्धा आणि जिज्ञासा यांची फारकत आढळत नाही. कठोपनिषदातील नचिकेता हा कुमार पाहतो की, आपले वडील यज्ञात दूध आटलेल्या, थकलेल्या गाई दान देत आहेत. त्या क्षणी त्याच्या ठायी श्रद्धा शिरली, असे उपनिषद सांगते. या श्रद्धेने त्याला गप्प बसविले नाही. तो वडिलांना पुन्हा पुन्हा विचारू लागला की, मला कोणाला देणार? शेवटी यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहून, धन व दीर्घायुष्य यांचा मोह नाकारून, त्याने मृत्यूपलीकडील सत्याचे ज्ञान मागून घेतले. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदाला ज्ञानाच्या पायऱ्या सांगतात. तेथेही क्रम असाच आहे : ज्याच्या ठिकाणी श्रद्धा असते तोच मनन करतो. श्रद्धा येथे विचाराचे उगमस्थान आहे.

भगवद्गीतेने हाच विचार चौथ्या अध्यायात सूत्ररूपाने मांडला आहे. श्रद्धावंताला ज्ञान लाभते, आणि संशयाने ग्रासलेल्याचा नाश होतो, असे ती म्हणते. हे विधान एकटे घेतल्यास गीता प्रश्न विचारण्याची मनाई करते असा समज होईल. परंतु त्याच अध्यायात थोडे अगोदर ज्ञान मिळविण्याचे तीन उपाय दिले आहेत : नम्रतेने शरण जाणे, प्रश्न विचारणे आणि सेवा करणे. तेव्हा प्रश्न आणि संशय यांत गीता भेद करते. कळावे म्हणून विचारणे हा प्रश्न. कळूच नये म्हणून विचारीत राहणे हा संशय. परंपरेने शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’तही शास्त्र व गुरू यांचे वचन सत्य म्हणून स्वीकारणे, अशी श्रद्धेची व्याख्या आहे, आणि ज्ञानाची तयारी करणाऱ्या शम, दम आदी सहा गुणांत तिची गणना केली आहे.

रामानुजाचार्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. मुक्ती देणारे ज्ञान म्हणजे कोरडी माहिती नसून अखंड प्रेमपूर्ण स्मरण होय, असे प्रतिपादन करून त्यांनी भक्तीलाच ज्ञानाचे स्वरूप दिले. नारदांच्या भक्तिसूत्रांतही या वादाची नोंद आहे : कोणी ज्ञानाला भक्तीचे साधन मानतात, कोणी दोन्ही परस्परांवर अवलंबून आहेत म्हणतात, आणि नारदांच्या मते भक्ती हे स्वतःचेच फळ आहे. मतभेद होते, पण विचार नव्हता असे कोण म्हणेल?

मराठी भाषेत ही परंपरा ज्ञानदेवांच्या ‘भावार्थदीपिके’ने आणली. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवासे येथे हा ग्रंथ सिद्ध झाला. गीतेच्या वरील वचनावर भाष्य करताना ज्ञानदेव एक सुंदर उलटापालट करतात. श्रद्धावंत ज्ञान मिळवितो असे मूळ वचन. ज्ञानदेव म्हणतात की, श्रद्धेतच जो सुखावला त्याला शोधीत ज्ञानच येते. साधकाच्या धडपडीबरोबर देणाऱ्याची ओढही त्यांनी येथे दाखविली.

मात्र ज्ञानदेव श्रद्धेची भाबडी स्तुती करीत नाहीत. सतराव्या अध्यायात अर्जुनाचा प्रश्न असा आहे की, शास्त्र न जाणता जे केवळ श्रद्धेने भजतात त्यांची गती काय? ज्ञानदेवांना अशा माणसांविषयी कळवळा आहे. शास्त्र शिकण्याची साधने सर्वांना लाभत नाहीत, हे ते जाणतात. बालक कित्ता पाहून अक्षरे गिरविते, तसे हे लोक जाणत्यांच्या मागून चालतात, असे ते अर्जुनाकडून वदवितात. तरीही श्रीकृष्णाचे उत्तर सावध आहे. नुसत्या श्रद्धेवर विसंबू नये, कारण ती मनुष्याच्या स्वभावाचा रंग घेते. ती सात्त्विक, राजस वा तामस होऊ शकते. गंगेचे पाणी झाले तरी मद्याच्या भांड्यात आल्यावर ते घेऊ नये. चंदन शीतल खरा, पण पेटल्यावर तो हात जाळतोच. अंधश्रद्धेवरील ही टीका सातशे वर्षांपूर्वीची, आणि ती बाहेरच्या विरोधकाची नसून एका भक्ताची आहे.

नामदेवांची कथा महिपतींच्या ‘भक्तिविजया’मुळे (१७६२) घरोघर पोहोचली. संतांच्या मेळ्यात गोरा कुंभार थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहतात. इतर संत ते निमूटपणे सोसतात, नामदेव रागावतात. हे मडके अजून कच्चे आहे, असा निर्णय होतो. दुखावलेले नामदेव विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन जातात. विठ्ठल त्यांना गुरूकडे जाण्यास सांगतो. देवळात विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून पहुडलेले दिसतात. नामदेव त्यांना दोष देतात, तेव्हा विसोबा म्हणतात की, जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव. तशी जागा नामदेवांना सापडत नाही, आणि त्यांचे डोळे उघडतात.

ही कथा इतिहास म्हणून नव्हे, परंपरेची स्वतःविषयीची समजूत म्हणून वाचावयाची आहे. तीत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. नामदेवांची श्रद्धा खोटी ठरत नाही. ती अपुरी ठरते, आणि ज्या देवावर त्यांची श्रद्धा होती तोच त्यांना पुढे पाठवितो. दुसरे असे की, ज्ञान झाल्यावर नामदेव कीर्तन सोडत नाहीत. ‘गरज सरो, वैद्य मरो’ हा व्यवहार श्रद्धेच्या बाबतीत भक्तिपरंपरेला मान्य नाही. ज्ञानाने भक्ती संपत नाही. ती व्यापक होते.

या विचाराचा आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाशी थेट संबंध आहे. जुन्या मराठीत ‘भावार्थ’ या शब्दाला दुहेरी अर्थ होता : वचनाचा आशय आणि मनातील निष्ठा. भावार्थी म्हणजे श्रद्धाळू. एकनाथांनीही आपल्या रामायणाला ‘भावार्थ रामायण’ असेच नाव दिले. १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या ‘क्रिस्तपुराणा’साठी संतांची ओवी स्वीकारली. हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. गोव्याच्या ख्रिस्ती भाषेत श्रद्धेसाठी ‘भावार्थ’ हाच शब्द रूढ झाला, आणि आजही गोव्यातील भाविक तो वापरतात. विश्वासांगीकारातील त्यांचे क्रियापदही ‘सत मानणे’ असे आहे. ते विवेकचूडामणीतील व्याख्येच्या किती जवळ आहे! त्याच सासष्टीत १५६७ साली देवळे पाडली गेली होती, हेही आपण लपवू नये. ज्यांची मंदिरे मोडली त्यांच्याच शब्दांत आपला विश्वास बोलू लागला, हे ऋण आहे.

आपल्या परंपरेतही हाच क्रम दिसतो. समजण्याची घाई करण्यापूर्वी विश्वास ठेव, म्हणजे समज हे त्याचे पारितोषिक ठरेल, असा संत ऑगस्टीन यांच्या शिकवणीचा आशय आहे. अकराव्या शतकात संत आन्सेल्म यांनी समज शोधणारी श्रद्धा हीच ईश्वरविद्येची ओळख मानली. साम्य दाखविताना भेद मात्र पुसू नये. आपली श्रद्धा इतिहासात घडलेल्या एका प्रकटीकरणाला, येशू ख्रिस्ताच्या व्यक्तीला, दिलेला प्रतिसाद आहे. तर अद्वैताच्या वाटेवर अखेरीस भक्त आणि देव यांतील अंतरच विरते. तथापि द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही असे जाहीर केले. ते वचन प्रामाणिकपणे पाळावयाचे, तर प्रथम त्या धर्मांत काय आहे हे जाणून घेतले पाहिजे.

यातून धर्मशिक्षकाने काय घ्यावे? शेजारच्या वारकऱ्याच्या श्रद्धेला आंधळी म्हणण्यापूर्वी ज्ञानदेवांनी तिची केलेली परीक्षा आठवावी. आणि आपल्या वर्गातील मुलाने प्रश्न विचारला, तर त्याचा विश्वास डळमळला असे न समजता नचिकेत्याची आठवण ठेवावी. कदाचित त्याच्या ठायी श्रद्धा नुकतीच शिरली असेल.

त्या वृद्ध धर्मशिक्षकांना मला आता एवढेच सांगावयाचे आहे : आपले आजोबा निरक्षर होते, अज्ञानी नव्हते. न उमगलेली ओवी उराशी धरून ते बुवांच्या दारी जात होते. आणि श्रद्धेची ज्ञानाकडे जाणारी वाट ती हीच.