बीजसंख्या, यादृच्छिक संख्याजनकाची

यादृच्छिक संख्या (ज्यांच्या क्रमावरून पुढील संख्येचे भाकीत करता येत नाही अशा संख्या) संगणकावर गणितकृतीने निर्माण करताना प्रारंभी जी संख्या पुरवावी लागते, तिला बीजसंख्या किंवा नुसते बीज असे म्हणतात. गणितकृती ठराविक असल्यामुळे एका बीजापासून प्रत्येक वेळी तीच मालिका मिळते. सांख्यिकीय प्रयोगांत हा गुण सोयीचा असतो, कारण गणित पुन्हा करून पडताळता येते. गुप्तलेखनात मात्र तोच धोक्याचा ठरतो. संदेश बंद करणारी किल्ली या मालिकेतूनच घेतलेली असते. त्यामुळे बीज ज्याला कळले त्याला किल्लीही मिळते. या तंत्राचा इतिहास हा बहुतांशी विश्वसनीय बीजाच्या शोधाचा इतिहास आहे.

प्रारंभीचे प्रयत्न : संगणकापूर्वी यादृच्छिक अंकांची छापील कोष्टके वापरीत. एल. एच. सी. टिपेट यांनी १९२७ मध्ये ४१,६०० अंकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने १९५५ मध्ये इलेक्ट्रॉनीय साधनाने मिळविलेले दहा लाख अंक छापले. संगणकाच्या स्मृतीत अशी कोष्टके साठविणे त्या काळी अवघड असल्याने जॉन फोन नॉयमान (१९०३–५७) यांनी ‘मध्यवर्ग’ पद्धती सुचविली. तीत एका संख्येचा वर्ग करून त्याचे मधले अंक ही पुढची संख्या मानतात. १९४९ मधील एका परिसंवादात त्यांनीच या पद्धतीच्या मर्यादा दाखविल्या. उदा., ३७९२ या संख्येचा वर्ग १,४३,७९,२६४ असून त्याचे आठ अंकी रूप (१४३७९२६४) घेतल्यास मधले चार अंक पुन्हा ३७९२ हेच येतात. २१०० पासून आरंभ केल्यास ४१००, ८१००, ६१०० आणि पुन्हा २१०० असे चक्र सुरू होते.

गणितकृती अनेक संख्यांना एकाच ठिकाणी कशी आणून सोडते, याचे प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रातील आहे. डहाणू (तेव्हा ठाणे जिल्ह्यात, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात) येथे जन्मलेले व देवळाली येथे शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी १९४९ मध्येच मद्रास येथील गणित परिषदेत ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावेत आणि वजाबाकी करावी. ही कृती पुनःपुन्हा केल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. उदा., ३५२४ पासून ३०८७, ८३५२ व ६१७४ या संख्या क्रमाने मिळतात. कापरेकरांचा हेतू संख्यांमधील सौंदर्य शोधण्याचा होता; गुप्तलेखनाशी त्याचा संबंध नव्हता. तथापि त्यांच्या कृतीत आरंभीच्या हजारो संख्यांमधील भेद कसा नाहीसा होतो, हे स्पष्ट दिसते. निश्चित कृती बीजातील अनिश्चितता जपू शकते किंवा घालवू शकते. ती वाढवू मात्र शकत नाही.

बीजातील दोष व त्यांचे परिणाम : पुढे भाकीत करण्यास अत्यंत कठीण अशा कृती सिद्ध झाल्या. लेनोर ब्लम, मॅन्युएल ब्लम व मायकेल शब यांची १९८६ मधील कृती ही त्यांपैकी एक होय. मात्र बीज दुर्बल असल्यास उत्तम कृतीही निरुपयोगी ठरते. नेटस्केप या महाजाल-न्याहाळकात वेळ व चालू कार्यांचे क्रमांक यांवरून बीज बनविले जात असे. १९९५ मध्ये इअन गोल्डबर्ग व डेव्हिड वॅग्नर यांनी ते अल्पावधीत शोधता येते, हे दाखवून दिले. किल्ली कागदोपत्री १२८ बिटांची (द्विमान अंकांची) असली, तरी कार्यांचे क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ ठाऊक असल्यास सुमारे दहा लाख शक्यताच तपासाव्या लागत. डेबियन प्रणालीत २००६ मध्ये केलेल्या एका दुरुस्तीने बीजात मिसळली जाणारी सामग्रीच वगळली गेली आणि केवळ कार्यक्रमांक शिल्लक राहिला. त्याची मूल्ये ३२,७६८ पेक्षा अधिक नव्हती. हा दोष मे २००८ मध्ये उघडकीस आला आणि दरम्यान तयार झालेल्या किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या.

२०१२ मध्ये नादिया हेनिंजर व सहकाऱ्यांनी महाजालावरील लक्षावधी सार्वजनिक किल्ल्या तपासल्या. काही उपकरणे प्रथम चालू होताच, बाह्य घडामोडींची नोंद होण्यापूर्वी, किल्ली तयार करीत होती. त्यामुळे दोन उपकरणांच्या किल्ल्यांत एक मूळ संख्या समान येई. अशा दोन किल्ल्यांचा मसावि काढला की दोन्ही उघड होत. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या या गणिताने कित्येक हजार उपकरणांचे रक्षण निष्फळ ठरविले.

बीजाचे भौतिक उगम : यावर उपाय म्हणजे अनिश्चितता गणिताबाहेरून आणणे. १९९४ मध्ये थिओडोर त्सो यांनी लिनक्स प्रणालीत कळफलक, माउस व तबकडी यांच्या हालचालींमधील सूक्ष्म कालांतरे एकत्र साठविण्याची योजना केली. २०१२ पासून इंटेल कंपनीच्या प्रक्रियकांत विद्युत् मंडलातील औष्णिक गोंगाटाचा उपयोग होऊ लागला. किरणोत्सर्ग हा आणखी एक उगम होय. बोईसर–सरावली परिसराच्या पश्चिमेस समुद्रकिनाऱ्यावर असलेल्या तारापूर केंद्रातील (१९६९) विक्रियकांप्रमाणे युरेनियमाच्या भंजनाने सिझियम-१३७ निर्माण होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे असते; परंतु विशिष्ट अणुकेंद्राचा क्षय कोणत्या क्षणी होईल, हे सांगता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये जॉन वॉकर यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सेवेत किरणोत्सर्गी क्षयाच्या कालांतरांवरून यादृच्छिक अंक मिळवीत.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अंकीय स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता मिळाली. अशा स्वाक्षरीची गुप्त किल्ली दुर्बल बीजापासून बनली असल्यास दुसऱ्याला त्याच नावाने स्वाक्षरी करता येईल आणि ती खरी की खोटी हे तपासणीतून कळणार नाही. म्हणून अनेक स्वतंत्र उगम एकत्र मिसळणे, पुरेशी अनिश्चितता जमेपर्यंत किल्ली न बनविणे आणि बीज वेळोवेळी नव्याने भरणे, हे नियम पाळले जातात.